ओप्राची यादी आणि सोलापूरचा तिसरा रविवार : अकरा महिन्यांत सहा पुस्तकं

'टुडे' हा अमेरिकेतला सकाळचा कार्यक्रम. तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच झालेले असतात. त्या कार्यक्रमात सूत्रसंचालक जेना बुश हेगर महिन्याचं पुस्तक जाहीर करते, ते सोलापुरात संध्याकाळच्या चहाला कळतं. पुस्तक हातात पडायला मात्र तीन आठवडे लागतात, कधी दीड वर्ष. अशा याद्यांतली पुस्तकं वाचून त्यावर बोलायला आम्ही सोलापुरात बुक क्लब काढला, आणि हे अंतर ध्यानात न घेतल्यामुळे आमचा पहिला महिना वाया गेला. इतरांचा जाऊ नये म्हणून डिसेंबर २०२४ पासूनचा हा सगळा क्रम लिहून ठेवतोय.

आधी या याद्यांविषयी थोडं, कारण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी आहे. ओप्रा विन्फ्रीचा बुक क्लब सगळ्यांत जुना, सप्टेंबर १९९६ चा. तिथे दर महिन्याला पुस्तक येईलच असं नाही. जुनी पुस्तकंही निवडली जातात, आणि म्हणून आपल्याला सगळ्यांत सोयीची यादी हीच. अभिनेत्री रीझ विदरस्पूनचा क्लब २०१७ मध्ये सुरू झाला. तिथे स्त्री मध्यवर्ती असलेल्या कथा असतात आणि पुस्तक महिन्याच्या सुरुवातीला जाहीर होतं. तिच्या निर्मितीसंस्थेनं यातल्या काही पुस्तकांवर मालिका आणि चित्रपटही काढले, तेव्हा पडद्यावर शोभेल अशा गोष्टी या यादीत जास्त दिसल्या तर नवल नाही. जेनाची यादी २०१९ च्या मार्चपासून आणि 'गुड मॉर्निंग अमेरिका' या तिकडच्याच दुसऱ्या सकाळच्या कार्यक्रमाची त्याच वर्षापासून. या दोन्हींत बहुतेक पुस्तकं त्याच महिन्यात छापून आलेली, कोरी करकरीत. गायिका दुआ लिपाचा 'सर्व्हिस ९५' बुक क्लब २०२३ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे सोनाली बेंद्रेनं २०१७ मध्ये स्वतःचा बुक क्लब काढला होता आणि २०१८ मध्ये आजारपणाच्या उपचारांतही तो चालू ठेवला होता. आमच्यातल्या तिघींना बुक क्लब हा शब्द तिच्यामुळेच माहीत होता.

३ डिसेंबरला आठ जण जमलो. वर्गणी माणशी दोनशे, म्हणजे महिन्याला सोळाशे. ठरलं असं की चार प्रती घ्यायच्या आणि एका प्रतीवर दोघांनी पंधरा-पंधरा दिवस वाचायचं. हिशेब मांडला तेव्हा सोपा वाटला. तीनशे पानांचं पुस्तक पंधरा दिवसांत म्हणजे रोज वीस पानं. पण इंग्रजी वाचायची सवय मोडलेल्या माणसाला तासाला पंधरा-वीस पानंच होतात. नोकरी आणि घर सांभाळून रोज एक तास काढता आला तरच हे जमतं, आणि ते पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून घ्यावं.

मग आम्ही सगळ्यात नवं जाहीर झालेलं पुस्तक ऑनलाइन मागवलं. फक्त हार्डकव्हर, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं, किंमत बाराशेच्या वर, तरी दोन प्रती मागवल्या. 'पाच ते सात दिवस' असं लिहिलेलं होतं. एकोणिसाव्या दिवशी विक्रेत्यानं ऑर्डर रद्द केली. पैसे परत आले, महिना गेला. याचं कारण नंतर समजलं. नवं अमेरिकी पुस्तक भारतात बहुतेकदा ब्रिटिश आवृत्तीच्या वाटेनं येतं आणि त्याचे हक्क वेगळ्या प्रकाशकाकडे असतात. ते तिकडे छापून यायला, मग आपल्याकडच्या वितरकाकडे पोचायला वेळ जातो. मधल्या काळात ऑनलाइन दिसतात त्या आयात केलेल्या प्रती. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या अर्थसंकल्पापासून आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क आहे. वर वाहतूक. म्हणून ती किंमत.

त्या दिवसापासून नियम केला की पुस्तक जाहीर झाल्याची तारीख विसरायची आणि मऊ मुखपृष्ठाचा पेपरबॅक निघालाय का तेवढंच बघायचं. यादी त्यांची, वेळापत्रक आपलं.

ओप्रानं डिसेंबर २०२४ साठी निवडलेलं क्लेअर कीगनचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' २०२१ चं होतं. पेपरबॅक तयार, पानं सव्वाशेच्या आत. २८ डिसेंबरला नवी पेठेतल्या दुकानात चार प्रतींची ऑर्डर दिली. दुकानदार पुण्याच्या वितरकाकडून मागवतात, पार्सल गाडीनं येतं. निम्मे पैसे आगाऊ दिले, ६ जानेवारीला पुस्तकं आली, एक प्रत ३४० रुपयांना पडली. दुकानात जाताना चिठ्ठीवर नावाबरोबर तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लिहून न्या. हार्डकव्हर, पेपरबॅक आणि चित्रपटाचं मुखपृष्ठ असलेली प्रत, तिन्हींचे आयएसबीएन वेगळे असतात. नुसतं नाव सांगितलं तर वितरक त्याच्याकडे असेल ते पाठवतो.

जागेची गोष्ट याच दिवसांत समांतर चालू होती. घरी बैठक घेतली की पोहे, चटणी, पाहुणचार यातच यजमानाचा दिवस जातो. म्हणून एका वाचनालयाच्या मागच्या खोलीसाठी ९ डिसेंबरला अर्ज दिला. १६ तारखेला तो परत आला. कारण त्यात 'आम्ही काही वाचक' एवढंच होतं. दुसऱ्या अर्जात हे घातलं : एका जबाबदार व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन आणि आधारची झेरॉक्स, बैठकीचा ठरलेला वार आणि वेळ, जास्तीत जास्त किती माणसं, प्रवेश शुल्क, विक्री किंवा ध्वनिक्षेपक नाही असं लेखी, आणि ही परवानगी वर्षभरासाठी हवी आहे हेही. अर्ज कार्यकारी मंडळाच्या बैठकीतच मंजूर होतात आणि ती महिन्यातून एकदा असते. एकदा चुकली की पुढचा महिना. ४ जानेवारीला पत्र मिळालं. अनामत एक हजार, वीज-सफाईचे बैठकीला दीडशे. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या घ्या, अनामतीची पावती वहीत चिकटवून ठेवा. अर्ज फेटाळला असं वाटून आमच्यातले दोघे खट्टू झाले होते. खरं तर कारकुनांनी परत देताना काय काय हवं ते पेन्सिलीनं कडेला लिहून दिलं होतं, आणि ते आमच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

जानेवारीत सोलापुरात कुठलाही कार्यक्रम ठरवायचा तर आधी सिद्धरामेश्वरांची यात्रा बघावी लागते. नंदीध्वज निघाले की पार्क चौकाच्या बाजूला रिक्षाही जात नाही, आणि घराघरात पाहुणे. म्हणून १२ चा रविवार सोडला, १९ घेतला. आणि तिसरा रविवारच कायम झाला.

कीगनची गोष्ट १९८५ च्या आयर्लंडमधली. नाताळच्या आधीच्या थंडीत एक कोळसा व्यापारी कॉन्व्हेंटमध्ये माल टाकायला जातो आणि तिथल्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी त्याला सापडते. मुलींना डांबून राबवणाऱ्या असल्या मॅग्डलिन धोबीखान्यांपैकी शेवटचा १९९६ मध्ये बंद झाला, आणि आयर्लंड सरकारनं माफी मागितली ती २०१३ मध्ये. एवढं पाठीमागचं सांगितलं की पुस्तक नीट उघडतं, नाहीतर पहिली चाळीस पानं 'काही घडतच नाही' अशी तक्रार येते. आमच्याकडे आली.

इथेच वाचनमार्गदर्शिकेचा धडा मिळाला. या क्लबांच्या पुस्तकांमागे किंवा क्लबांच्या संकेतस्थळांवर चर्चेचे दहा-पंधरा प्रश्न असतात. ते मराठीत आणून वाचून दाखवले. 'कोणतं पात्र तुम्हाला सर्वात जवळचं वाटलं?' खोलीत शांतता. एका शब्दात उत्तर मिळतं आणि संपतं. मग एका मावशींनी विचारलं, "गावाला सगळं माहीत होतं की ओ, मग कुणीच कसं बोललं नाही?" त्यावर दीड तास गेला. तेव्हापासून प्रश्न आमचे आम्हीच काढतो, फार तर तीन, आणि त्यातला एक असा की ज्याला पुस्तकातलं पान काढून दाखवावंच लागेल.

पान दाखवण्यातही गोंधळ होतो. एकाकडे ब्रिटिश आवृत्ती, दुसऱ्याकडे अमेरिकी, तिसरी किंडल या ई-पुस्तकाच्या यंत्रावर. तिन्हींचे पानांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द, एवढंच बोलायचं. मुखपृष्ठावर ओप्राचा किंवा रीझचा गोल शिक्का नसला तर प्रत खोटी असं समजू नका. आपल्याकडच्या आवृत्तीवर तो बऱ्याचदा नसतोच.

खोटी प्रत ओळखायच्या खुणा वेगळ्या. फेब्रुवारीत मेघा मजुमदारचं 'अ बर्निंग' घेतलं, जेनाची जून २०२० ची निवड. एकानं स्वस्तात म्हणून ऑनलाइन दीडशेला मागवली. मुखपृष्ठाची छपाई धूसर, कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं दिसतात, आणि मधली सोळा पानं दोनदा लागलेली, त्यापुढची सोळा गायब. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत बांधलेलं असतं, म्हणून पानं हरवतात तीही फर्म्यानं. किंमत छापील किमतीच्या निम्म्याहून खाली दिसली तर हात आवरा. लेखकाला त्यातून एक पैसा मिळत नाही, आणि आपण वाचणाऱ्यांनीच हे केलं तर कसं व्हायचं?

'अ बर्निंग' सगळ्यांनी वेळेआधी संपवलं. कोलकात्यातली वस्ती, फेसबुकवरच्या एका वाक्यापायी तुरुंगात गेलेली मुलगी, तिच्यासाठी साक्ष देऊ शकणारी लव्हली आणि पक्षाच्या सभांना जाऊ लागलेले शाळेतले पीटी सर. लव्हलीचं इंग्रजी 'आय अ‍ॅम गोइंग, आय अ‍ॅम थिंकिंग' अशा वळणाचं आहे. ज्यांना आपल्या इंग्रजीची लाज वाटत होती, त्यांनी तीच पानं मोठ्यानं वाचली. पहिल्या तीन पुस्तकांत एक तरी भारतातलं घ्या, हे यावरून आग्रहानं सांगतो. मार्चमधलं अलका जोशीचं 'द हेना आर्टिस्ट', रीझची मे २०२० ची निवड, १९५० च्या दशकातल्या जयपुरातलं. तेही आठवड्यात उडालं. मागे दिलेल्या शब्दार्थांची आपल्याला गरज नाही, ती पानं संख्येतून वजा धरा.

आणि मग एप्रिल. ऊन त्रेचाळीसच्या पुढे, बैठक चारवरून साडेसहाला नेली. पुस्तक इझाबेल विल्करसनचं 'कास्ट', ओप्राची ऑगस्ट २०२० ची निवड. कथा नाही, अभ्यास आहे. अमेरिकेतला वंशभेद, भारतातली जात आणि नाझी जर्मनी यांची मांडणी शेजारी-शेजारी. तीन जणांनी एप्रिलमध्येच क्लब सोडला. पुस्तक जाड, इंग्रजी जड, आणि तीनच प्रती. चूक आमची होती. गोष्टीच्या पुस्तकावरून थेट इथे उडी मारली आणि महिना एकच ठेवला होता. तो दोन केला, पुस्तकाचे पाच वाटे केले, पाच जणांनी एकेक वाटा नीट वाचून बाकीच्यांना मराठीत सांगायचा. पूर्ण कुणी वाचलं, कुणी नाही. पण २० एप्रिलची बैठक वर्षातली सगळ्यात भरीव झाली. आंबेडकर जयंती नुकतीच झालेली, रस्त्यावरच्या कमानी अजून उतरल्या नव्हत्या. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य बांधव' अशी करून दिली, आणि ते आधी दुखावले, मग विचारात पडले. हा प्रसंग वाचून झाल्यावर एका सदस्यानं पिशवीतून 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा मराठी अनुवाद काढला. आंबेडकरांचं १९३६ चं भाषण, जे त्यांना करूच दिलं नाही. मग दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेवून आम्ही बसलो. आंबेडकरांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं होतं, याला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली, हेही त्याच संध्याकाळी निघालं. अमेरिकेहून आलेल्या यादीतल्या पुस्तकानं आपल्याच गावातलं वसतिगृह समोर आणलं, याचं समाधान अजून आहे.

जूनमध्ये एक नवी सदस्य आली, सहा झालो. जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने अब्राहम व्हर्गीसच्या 'द कव्हनंट ऑफ वॉटर'ला दिले. ओप्राची मे २०२३ ची निवड, सातशेहून जास्त पानं, केरळातल्या एका ख्रिस्ती घराण्याच्या १९०० ते १९७७ पर्यंतच्या पिढ्या आणि दर पिढीत पाण्यात होणारा एक मृत्यू. जाड पुस्तकाला दोघांत एक प्रत असली की अडतं. आळीपाळीनं देताना आधीचा माणूस संपवत नाही आणि पुढचा खोळंबतो. आम्ही महिन्यागणिक भाग ठरवले, आठ-आठ दिवस प्रत एकाकडेच न ठेवता बुधवार आणि रविवार असे प्रत बदलायचे वार ठरवले, आणि पहिल्याच पानावर पात्रांच्या नात्यांचा तक्ता पेन्सिलीनं काढून चिकटवला. लेखक स्वतः डॉक्टर, त्यामुळे शस्त्रक्रियेची वर्णनं सविस्तर आहेत. ज्यांना ती सोसत नाहीत त्यांनी तेवढी पानं ओलांडली तरी कथा तुटत नाही.

शेवटचं पुस्तक ठरवून शेवटी ठेवलं होतं. रोहिंटन मिस्त्रींचं 'अ फाइन बॅलन्स', ओप्राची २००१ ची निवड. आणीबाणीचा काळ, समुद्राकाठचं एक निनावी शहर, दीना दलाल ही विधवा आणि तिच्याकडे शिवायला आलेले ईश्वर आणि ओम. हे सोलापुरात वाचावं असं पुस्तक आहे. आमच्यातल्या एका काकांचं शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम आहे. दीना कंपनीकडून ऑर्डर आणते, कागदी नमुन्यावर कापड बेतते आणि शिंप्यांना नगावर मजुरी देते, ही प्रकरणं त्यांनी वहीत आकडे मांडून समजावली. एका डझनात कापड किती वाया जातं, तारीख चुकली की कंपनी काय कापते, मशीन भाड्याचं असेल तर पहिला किती माल फक्त भाड्यापायी जातो. शिंपी एक दिवस आले नाहीत की दीना इतकी का चिडते, हे तोवर आम्हाला नुसता तिचा स्वभाव वाटत होता. काकांनी पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर झोपलो नसतो."

सप्टेंबरच्या २१ तारखेला अर्धं पुस्तक झालं. त्यानंतर सीना नदीला पूर आला, दोन सदस्यांची गावाकडची घरं त्या बाजूची, महिनाभर पुस्तकाचं नाव कुणी काढलं नाही. ऑक्टोबरचा तिसरा रविवार दिवाळीत गेला. तेव्हा उरलेलं १६ नोव्हेंबरला पूर्ण केलं. नसबंदीच्या शिबिरांची प्रकरणं फार जिव्हारी लागतात. ती एकट्यानं रात्री वाचण्यापेक्षा आठवड्याच्या मधे दोघा-तिघांनी फोनवर बोलत वाचली. शेवट आधी कळू नये असा हट्ट धरू नका. ज्याचं वाचून झालेलं नाही त्यानंही बैठकीला यावं, एवढीच सूट दिली तर गळती थांबते.

हिशेब असा : वर्गणी चौदा हजार जमली. एकवीस प्रतींचे ९,३६०, खोलीचे दहा बैठकांचे दीड हजार, चहाचे बाराशे, झेरॉक्स आणि किरकोळ २४०. वाचून झालेल्या तेरा प्रती सदस्यांनीच सरासरी दोनशेला घेतल्या, आठ वाचनालयाला दिल्या. चार प्रती एकदम घेण्याआधी किंडलवर मोफत मिळणारी सुरुवातीची पानं दोघांनी वाचायची, ही सवय मार्चपासून लावली आणि त्यानंतर एकही पुस्तक वाया गेलं नाही. वाचनालयाकडून पुस्तक मागवायचं असेल तर सूचना वहीत डिसेंबरमध्येच नाव लिहा. अनुदानातली खरेदी मार्चअखेरीला उरकते, एप्रिलमध्ये लिहिलेलं नाव वर्षभर तसंच राहतं.

२०२६ साठी दुआ लिपाच्या यादीतलं पहिलं पुस्तक, डग्लस स्टुअर्टचं 'शगी बेन' ठरलंय. ग्लासगोच्या बोलीतले संवाद आहेत, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी असे दोन महिने धरलेत. खोलीची परवानगी ३१ डिसेंबरला संपते. नव्या वर्षाचा अर्ज आधारच्या झेरॉक्ससह नोव्हेंबरमध्येच दिला होता, त्याचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. यात्रा सोडून पहिली बैठक १८ जानेवारीला.